आपलं मे महिन्याचं भांडण

मंगळवारी सकाळी तू पंचवटीतल्या आपल्या ऑफिसचा जिना चढत होतास. अर्ध्यावर बसलास. मी वरून खाली आलो. भाजीबाजारापाशी रिक्षा मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला तपासलं, घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहून घेतली.

मिलिंद, त्याला आता आठवा आठवडा लागला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या कॉलनीतल्या विहारात माणसं मावत नव्हती. शाळांना सुट्ट्या होत्या, त्यामुळे बाहेरगावचे शिक्षक मात्र नव्हते. बहुतेकांना कळलंच नव्हतं. जमलेल्यांपैकी एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. वैशालीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीही दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. "मिलिंद आणि मी बारा वर्षं एकत्र काम केलं," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तू असतास तर बाहेर पडताना म्हणाला असतास, "मास्तर, बाकीचं काय पोस्टाने पाठवणार?"

तर हे पोस्टाने.

आपली ओळख एका पंख्यामुळे झाली. मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचो आणि दर जूनला वेळापत्रक बसवायचं काम माझ्या गळ्यात असायचं. ग्रंथालयाच्या फरशीवर ड्रॉइंगचे चार कागद जोडून अंथरायचे, त्यावर वर्ग आणि तास आखायचे, आणि शिक्षकांच्या नावांच्या चिठ्ठ्या कापून चौकटींत मांडायच्या. चिठ्ठी चिकटवायची नाही, कारण ती शेवटच्या दिवसापर्यंत हलत राहते. म्हणून पंखा बंद. तू परीक्षानळ्या आणि नकाशे विकायला आला होतास. मुख्याध्यापक जागेवर नव्हते, म्हणून शिपायाने तुला ग्रंथालयात बसायला पाठवलं. तू आत आलास, "काय उकाडा आहे हो," म्हणालास आणि बटण दाबलंस.

नऊ दिवसांचं काम खिडकीपर्यंत गेलं.

मी ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही, हे तुला पुढे कळलंच. तू नकाशांची गुंडाळी बाजूला ठेवलीस आणि गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या वेचायला लागलास. कपाटाखालून एक चिठ्ठी ओढून काढलीस आणि वाचलीस.

"या पाटीलबाई कोणत्या वर्गावर होत्या?"

"तेच आठवत नाहीये."

"दरवर्षी असंच करता?"

"दरवर्षी."

"आणि याचं मिळतं काय?"

"शिव्या."

तू फरशीवरच मांडी घातलीस. बराच वेळ त्या कागदाकडे बघून म्हणालास, "सर, म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत एक तुम्ही असणार."

मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकत होतो, ते केवळ माझ्यापुरतं हे काम सोपं व्हावं म्हणून. त्याचा धंदा होऊ शकतो हे तू पाहिलंस. प्रोग्रॅम बसायला मला दोन जून लागले. त्याचं नाव मी 'तासिका' ठेवलं आणि तुला ते आवडलं नाही. "पुस्तकी आहे," म्हणालास. पण बदललं नाहीस.

वर्गणीची कल्पनाही तुझीच. मी म्हणत होतो, एकदाच किंमत घेऊ आणि मोकळे होऊ. तू म्हणालास, "एकदा विकलं की आपण अनोळखी. वर्गणीदार म्हटलं की दरवर्षी दारात जायला निमित्त." तेव्हा शाळांत संगणक नव्हतेच. शाळा शिक्षकांची आणि विषयांची यादी पाठवायची, आपण वेळापत्रक छापून द्यायचो. वर्षात कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कोणाची बदली झाली, की त्याच वर्गणीत नवीन छापून द्यायचं. लोक विचारायचे, एकदा घेतलं की झालं ना? तू म्हणायचास, "सर, तुमच्या शाळेत एकदा वेळापत्रक लावलं की झालं असं कधी झालंय का?"

पहिलं पत्रक मी लिहिलं. त्यावर किती कष्ट घेतले होते! 'आपल्या शाळेसाठी संपूर्ण निःपक्षपाती वेळापत्रक', असं वर ठळक, खाली तीन परिच्छेद. दोनशे शाळांना टपालाने पाठवलं. एकाही शाळेचं उत्तर आलं नाही. शेवटी तू पिंपळगाव बसवंतच्या एका हेडसरांना गाठून कारण विचारलंस. ते म्हणाले, "अहो, हे पत्र मी स्टाफरूममध्ये लावू कसं? म्हणजे आजवर मी पक्षपात करत होतो असंच झालं ना?"

तू मोटारसायकलवरून परत आलास आणि जिन्यातच हसायला लागलास. मला हसू आलं नाही. मला तो शब्द फार स्वच्छ वाटला होता. तू म्हणालास, "मास्तर, पक्षपात तर ते करतातच. ज्याला जेवणानंतरचा ऑफ तास मिळतो तो हेडसरांचा माणूस, हे अख्ख्या शाळेला माहीत असतं. तुम्ही ते छापून पाठवलंत."

पुढच्या वर्षीचं पत्रक तू लिहिलंस. एकच ओळ होती: वेळापत्रकाची तक्रार आता संगणकाकडे करा.

ती ओळ मला तेव्हा थिल्लर वाटली होती, हे तुला सांगितलं नव्हतं. मग तू मला ओढून पिंपळगावला नेलंस. त्याच शाळेत वेळापत्रक नुकतंच भिंतीवर लागलं होतं. छापील कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या मी फाडणार होतो, तर तू हात धरला होतास. "भोकं राहू दे. त्याशिवाय ते कॉम्प्युटरचं वाटत नाही." आपण स्टाफरूममध्ये चहा घेत होतो. एक ज्येष्ठ बाई वेळापत्रक बसवणाऱ्या गावित सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गावित, मला शनिवारी पहिला तास? सकाळी सात वाजता? मी निफाडहून येते, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"बाई, मी नाही दिला. त्याने दिलाय." गावित सरांनी भिंतीकडे बोट केलं.

बाई कागदाजवळ गेल्या. भोकांच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "याला सांगता येत नाही का काही?"

"नाशिकला असतो तो."

बाई पुटपुटत वर्गावर गेल्या. गावित सरांनी आपल्याकडे पाहिलं. इतका मोकळा झालेला चेहरा मी कुठल्याही वेळापत्रकवाल्या शिक्षकाचा पाहिला नव्हता, आणि मी स्वतः चौदा वर्षं ते काम केलं होतं. परतीच्या वाटेवर तू मागे वळून म्हणालास, "कळलं का, आपण काय विकतो ते?"

कळलं होतं. मी त्या वर्षीच्या अखेरीला नोकरी सोडली.

मग तू बदल्यांच्या याद्या वाचायला लागलास. मोठ्या संस्थेच्या शाळांत दर मे महिन्यात शिक्षक इकडचे तिकडे होतात. आपल्या शाळेतला वेळापत्रकवाला शिक्षक नवीन गावी गेला की जूनमध्ये त्याला आपली आठवण होणारच, हे तू ओळखलंस. म्हणून तू निरोपसमारंभांना जायचास. न बोलावता. एक पेन आणि गुलाबाचं फूल घेऊन. मला त्याची लाज वाटायची. पण आपल्या निम्म्या शाळा त्या गुलाबांनी आणल्या. गावित सर पिंपळगावची नोकरी सोडून त्यांच्या गावाकडे, सुरगाण्याच्या एका आश्रमशाळेत लागले आणि डोंगरातली पहिली शाळा आपल्याकडे आली. त्यांच्यामागून आणखी चार आल्या.

एक गोष्ट राहून गेली आहे, ती इथेच सांगतो. एका शाळेत आपण दोघं गेलो होतो. कार्डावरची आपली आडनावं वाचून झाली, आणि मला खुर्ची मिळाली, तुला भिंतीकडचा बाक. बाहेर आल्यावर मी काही म्हणणार, तेवढ्यात तूच म्हणालास, "पुढच्या वर्षी देतील खुर्ची. वर्गणीत धरलंय ते." पुढच्या वर्षी दिली का, हे मी कधी विचारलं नाही. मी त्या शाळेत परत गेलोच नाही. मी कुठेच गेलो नाही. तू हिंडलास आणि मी वर खोलीत बसलो. प्रोग्रॅम करणाऱ्याने बसायचं असतं, असं मी म्हणायचो. खरं तर मला दार उघडून अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही, आणि तुला ते जमतं म्हणून मी ते कायमचं तुझ्यावर टाकून मोकळा झालो.

शाळांत संगणक आले आणि आपण फ्लॉपी द्यायला लागलो, तिथून कुलपाची गोष्ट सुरू होते. एका शाळेची फ्लॉपी पाच शाळांत फिरायची. वर्गणी संपली तरी प्रोग्रॅम चालायचा. तू म्हणायचास, फिरू दे, जाहिरात होते. एका मे महिन्यात मी तुला न सांगता प्रोग्रॅमला कुलूप घातलं. एकतीस मेला वर्गणी संपली की पडद्यावर 'मुदत संपली' एवढं यायचं, आणि आपण फोनवर नवा आकडा दिल्याशिवाय काही उघडायचं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावित सर आपला जिना चढून आले. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला संगणकाचा डबा घेऊन ते सुरगाण्याहून जीपने आणि मग एसटीने आले होते. तिकडचे फोन आठवडाभर बंद होते. "मिलिंदभाऊ," ते म्हणाले, "आमच्या कॉम्प्युटरची मुदत संपली म्हणतोय. गेल्या वर्षीच तर आणला. आता नवा घ्यायला सांगितला तर संस्था मला विकेल." शाळा उघडून चार दिवस झाले होते. निवासी मुलं आली होती आणि कुठल्या वर्गावर कोणी जायचं ते ठरलेलं नव्हतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. एवढंच. मग त्यांना म्हणालास, "काही नाही सर, बारीक दुखणं आहे. मास्तर बघतील." मी आकडा टाकला. तू त्यांना मिसळ खायला घातलीस, डबा परत गोधडीत बांधलास आणि स्टँडवर जाऊन एसटीत बसवून दिलंस. त्यांच्यासमोर एक शब्द बोलला नाहीस. परत आल्यावर बोललास.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू लावू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं. तो माणूस डबा मांडीवर घेऊन आला रे. लोक वर्गणी माणसाला देतात, कुलपाला नाही."

"आणि माणसाच्या भरवशावर धंदा किती दिवस चालणार? उद्या तू नसलास तर?"

हे मी म्हणालो. मला ओरडता येत नाही, पण ते वाक्य मी मोठ्याने म्हणालो. "नसलो तर तू जा."

"मला जमत नाही, तुला माहीत आहे."

"मग कुलूप लाव," म्हणालास आणि हेल्मेट उचललंस.

तेव्हापासून दर मे महिन्यात आपण तेच भांडलो. सहा वर्षं. तू म्हणायचास काढ, मी म्हणायचो राहू दे. तू म्हणायचास, निदान दहा दिवसांची सवलत ठेव, मी म्हणायचो एकदा दिली की वीस मागतील. शेवटी मी दहा दिवस दिले, पण तू फोन करून सांगशील त्याच शाळेला. शाळा वाढत गेल्या, तुझ्यामुळे की माझ्या कुलपामुळे, हे आपलं कधी ठरलं नाही. सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता: "उद्या येतो, कुलपाचं बघू." मंगळवारी तू त्यासाठीच जिना चढत होतास.

त्या पहिल्या वर्षी तुझ्यापासून लपवून कुलूप घातलं, ही माझी चूक होती. कुलूप बरोबर होतं की नाही ते वेगळं. लपवणं चूक होतं. सहा वर्षांत हे एक वाक्य मला म्हणता आलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर भांडणात तू जिंकलास असं झालं असतं, असं मला वाटायचं.

तू गेल्यावर मी सगळ्या शाळांना पत्र लिहिलं. काय झालं ते दोन ओळींत, आणि काम पूर्वीप्रमाणे चालू राहील अशी तिसरी ओळ. एकतीस मे आला. नेहमी तोवर निम्म्या शाळांची वर्गणी आलेली असते. यंदा सातच आल्या. मी रोज फोनकडे बघत बसलो. उद्या तू नसलास तर, या माझ्याच प्रश्नाचं उत्तर येत होतं, आणि ते तुझ्या बाजूने येत होतं. मी बरोबर ठरलो असतो तर धंदा वाचला असता. तू बरोबर ठरत होतास आणि धंदा बुडत होता.

वैशालीवहिनी कागदांवर सही करायला ऑफिसात आल्या होत्या. मी त्यांना परिस्थिती सांगितली. त्या म्हणाल्या, "पत्राने काय होतंय भाऊजी? हे असते तर गेले असते."

"मला बोलता येत नाही वहिनी."

"मग नुसते जाऊन बसा. मुके असल्याचं सांगा."

तुझ्या घरातली माणसं तुझ्यासारखीच बोलतात.

मी सुरगाण्याला गेलो. एसटी, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी नागलीची पिशवी होती. रस्त्यात दोनदा वाटलं की उतरावं. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं. आश्रमशाळेच्या ऑफिसात एक लिपिक बसला होता. मी माझं कार्ड पुढे केलं. त्याने ते वाचलं आणि ताडकन उभा राहिला.

"नाशिकचे सर? तुम्ही स्वतः आलात?"

"हो. म्हणजे, मी..."

"सर, चेक झालाय. नाय म्हणजे, सही राह्यली फक्त. आजच्या आज करून घेतो. बसा ना. खुर्ची घ्या, ही घ्या, ती मोडकी हाय." तो घाम पुसत आतल्या खोलीत पळाला.

आतून गावित सर आले. आता ते तिथले मुख्याध्यापक आहेत. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझं पत्र त्यांना मिळालं होतं. शाळा उघडली की नाशिकला यायचं त्यांच्या मनात होतं. मग मी विचारलं, "तुमचे लिपिक घाबरले का मला?"

गावित सर हसले. डोळे पुसत हसले. "अहो, तुम्हाला सगळेच घाबरतात. मिलिंदभाऊंनी सांगून ठेवलंय ना."

"काय सांगितलंय?"

"ते दिवाळीनंतर यायचे. आमचे खजिनदार म्हणायचे, वर्गणी पुढच्या वर्षी बघू. भाऊ म्हणायचे, 'मी तर तुमच्यासाठी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबेन हो, माझं काय जातंय. पण नाशिकला आमचा एक गणिताचा माणूस बसलाय. तो कुणाचं ऐकत नाही. एकतीस मे म्हणजे एकतीस मे. फार विनवण्या करून मी दहा दिवस मिळवतो.' आमच्याकडेच नाही, पेठला, कळवणला, सगळीकडे हेच. खजिनदार गपचूप सही करायचा. तुमचं नावच पडलंय इकडे, कुलूपवाले सर."

मी माझा लिहिलेला कागद खिशातच ठेवला.

परत येताना जीपमध्ये मला हसू आलं. आवरेना. शेजारच्या बाईने पोराला जवळ ओढलं. सहा वर्षं मे महिन्यात माझ्यासमोर बसून तू कुलपाला नावं ठेवलीस, आणि दिवाळीनंतर तेच कुलूप खांद्यावर टाकून गावोगाव फिरलास! मी एखाद्या मे महिन्यात तुझं ऐकून ते काढलं असतं तर तू काय केलं असतंस? मग भांडायचास कशाला? माझी खोड मोडायची म्हणून? मी लपवलं त्याची शिक्षा म्हणून? की खरंच तुला ते नको होतं, आणि नको असलेली गोष्टही तू विकायच्या कामी आणलीस? हे विचारायचं राहिलं. वणीच्या पुढे कधीतरी हसू थांबलं आणि मग मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

एवढी वर्षं मला वाटत होतं की शाळांना फक्त तू ठाऊक आहेस. तू नसताना मी गेलो तर कोणी ओळख तरी देईल का, हीच भीती होती. आणि तू तर मला प्रत्येक शाळेत आधीच नेऊन ठेवलं होतंस. मी त्यात फार अर्थ शोधणार नाही. तू विक्रेता होतास, उपयोगी पडेल ते वापरायचास, त्यात मीही आलो. पण गावित सर मला जीपपर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "मग पुढच्या वर्षी कोण येणार?"

"मी."

"आणि सवलत कुणाकडे मागायची?"

"माझ्याकडेच मागून बघा," मी म्हणालो. ते पुन्हा हसले. अनोळखी गावात माझ्या बोलण्यावर माणूस हसला, हे तुला सांगायला हवं होतं.

लपवलं ती चूक झाली, मिलिंद.

त्यानंतर मी दिंडोरीला, चांदवडला आणि दोनदा पिंपळगावला जाऊन आलो. एकोणसाठ शाळांपैकी एकतीस शाळांची वर्गणी आली आहे. कुलूप प्रोग्रॅममध्ये आहे, दहा दिवसांची सवलतही आहे. वैशालीवहिनी मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसात येऊन फोन घेतात. मी सोमवारी सकाळच्या गाडीने पेठला जाणार आहे.